मोहाचा इशारा, रक्षणाची हमी : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

प्रश्न नेमका कोणता

ब्रह्मपुरी तालुक्यात धान घरात आले की गावोगावी सप्ताह बसतात. सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. त्याच गावात बुद्धविहार असतो, गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना असते, आणि विदर्भाच्या मातीत रुजलेला महानुभाव पंथही फार दूर नसतो. या सर्वांच्या ग्रंथांतून श्रोत्याच्या कानी दोन गोष्टी पडतात. पहिली अशी की सावध राहा, मोह भल्याभल्यांना ओढून नेतो. दुसरी अशी की भिऊ नका, जो या वाटेला लागला तो बुडत नाही. ऐकणाऱ्याला मग प्रश्न पडतो. रक्षण ठरलेलेच असेल तर एवढा धाक कशासाठी? आणि धाक खरा असेल तर हमीवर विसंबायचे तरी किती?

हा प्रश्न नवा नाही. गीतेत अर्जुनाने तो विचारला, मिलिंद राजाने भिक्षू नागसेनाला विचारला आणि मराठी संतांनी आपापल्या परीने सोडवू पाहिला. त्याची उत्तरे कुठवर आली आहेत, कोणती भूमिका कशावर उभी आहे आणि काय अजून सुटलेले नाही, हे या लेखात क्रमाने पाहायचे आहे.

ग्रंथांतली जोडवचने

गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या ६०व्या श्लोकात इशारा आहे. प्रयत्न करणाऱ्या, जाणत्या माणसाचे मनसुद्धा इंद्रिये बळजबरीने हिरावून नेतात. पुढचे ६२ आणि ६३ हे श्लोक घसरणीची पायरी न् पायरी सांगतात : विषयाचे चिंतन, मग आसक्ती, मग इच्छा, राग, भ्रम आणि शेवटी बुद्धीचा नाश. नवव्या अध्यायात सूर पालटतो. २२व्या श्लोकात भगवंत अनन्य भक्ताचा योगक्षेम स्वतः वाहतो, आणि ३१व्यात आपला भक्त नाश पावत नाही असे अर्जुनाकडूनच घोषित करवतो.

या दोहोंच्या मध्ये सहावा अध्याय आहे. श्रद्धा आहे पण मन वाटेवरून ढळले, अशा माणसाचे काय होते, असे अर्जुन तिथे विचारतो. फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असा नाश पावतो का? कल्याणाचे काम करणारा दुर्गतीला जात नाही, त्याची केलेली वाटचाल पुढच्या जन्मी कामी येते, असे उत्तर मिळते. तो घसरणारच नाही असे मात्र त्यात म्हटलेले नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात हा ताण आणखी ठळक होतो. एकनाथांनी १५७३ मध्ये काशीत पूर्ण केलेल्या टीकेमुळे हा स्कंध मराठी घरांत वाचला जाऊ लागला. त्याच्या दुसऱ्या अध्यायात भागवतधर्माची वाट इतकी निर्धोक म्हटली आहे की तिच्यावरून डोळे मिटून धावले तरी ठेच लागत नाही. चौथ्या अध्यायात देवच भक्ताच्या वाटेत विघ्ने उभी करतात, पण रक्षक पाठीशी असल्याने भक्त त्या विघ्नांच्या माथ्यावर पाय देऊन पुढे जातो. आठव्या अध्यायात पुन्हा इशारे आहेत : दिव्यावर झेपावणारा पतंग, गळाला लागणारा मासा, हत्तिणीपायी खड्ड्यात पडणारा हत्ती. चौदाव्या अध्यायातला १८वा श्लोक तर दोन्ही गोष्टी एकत्र आणतो. इंद्रिये जिंकता न आलेल्या भक्तालाही विषय छळतात, पण भक्ती प्रबळ असेल तर ते त्याला बहुधा नमवू शकत नाहीत. त्या 'बहुधा'पाशी पुढच्या बऱ्याच चर्चा येऊन थांबल्या आहेत.

सहाव्या स्कंधातली अजामिळाची कथा कीर्तनांत नेहमी येते. शीलवान, शिकलेला तरुण वडिलांच्या सांगण्यावरून फळे, फुले, समिधा आणि दर्भ आणायला रानात जातो. परतताना वाटेवर एक प्रणयदृश्य पाहतो, मनाला आवरू पाहतो आणि हरतो. पुढचे सारे आयुष्य लुबाडण्यात जाते. मरणसमयी धाकट्या मुलाला नावाने हाक मारतो आणि मुलाचे नाव नारायण असल्यामुळे विष्णुदूत धावून येतात. नाममाहात्म्य सांगायला ही कथा सांगतात. पण ती रक्षणाची कथा आहे तशी पतनाचीही आहे. मरणदारी धावून आलेले दूत त्या रानवाटेवर का आले नाहीत, याबद्दल कथा काही बोलत नाही.

ज्ञानेश्वरीतले पाणी

हा प्रश्न ज्ञानेश्वरांच्या मनात किती खोल होता, हे ज्ञानेश्वरीतल्या तीन जलदृश्यांवरून कळते. ती तीन वेगवेगळ्या अध्यायांत आहेत आणि सहसा एकत्र वाचली जात नाहीत. वैनगंगेच्या काठावर डोंगा आणि पूर दोन्ही पाहिलेल्या वाचकाला ती जवळची वाटतील.

दुसऱ्या अध्यायात दाखला आहे तो काठाशी आलेल्या नावेचा. नाव थडीला लागत असतानाच वादळ उठते आणि टळलेला धोका पुन्हा ओढवतो. तसाच पोचलेल्या पुरुषानेही इंद्रियांचे कौतुकाने लाड केले तर संसाराचे दुःख त्याला पुन्हा गाठते. याच अध्यायात, साधकापुढे विषय ऋद्धिसिद्धीचे रूप घेऊन येतात, असेही ज्ञानेश्वर बजावतात. म्हणजे परमार्थातली प्रगती हीसुद्धा मोहाची जागा ठरू शकते.

सातव्या अध्यायात मायानदीचे मोठे रूपक आहे. बुद्धीच्या, वेदज्ञानाच्या, यज्ञाच्या किंवा वैराग्याच्या बळावर जे पोहू गेले ते तिच्यात अडकले. सर्वभावाने शरण गेले त्यांना मात्र पोहावेच लागले नाही, अलीकडच्या थडीलाच त्यांचे पाणी सरले.

बाराव्या अध्यायात भगवंत स्वतःच तारू होतो. संसारात सापडलेल्यांसाठी तो नामाच्या नावा सज्ज करतो. एकट्यांना ध्यानाच्या कासेला लावतो, परिवारवाल्यांना तराफ्यावर घेतो, तर कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधतो. इथे पाणी आटलेले नाही, बुडण्याचे भयही संपलेले नाही. रक्षण आहे, पण ते पाण्यातून पार नेण्याचे आहे.

पहिल्या दृश्यात काठाशीही अपाय आहे, दुसऱ्यात पाणीच उरत नाही, तिसऱ्यात पाणी आहे आणि सोबतही आहे. तिन्ही एकाच ग्रंथात असल्याने एकालाच ज्ञानेश्वरांचे मत म्हणून बाकीची बाजूला सारता येत नाहीत. पहिले सिद्धीच्या भरात असलेल्यासाठी, दुसरे शरणागतासाठी आणि तिसरे अजून वाटेत असलेल्यासाठी, अशी विभागणी करता येते. ती समर्पक आहे. पण आपण यांपैकी कोणत्या जागी आहोत हे ज्याचे त्याला कसे कळावे, हा पेच तिने सुटत नाही.

पहिली भूमिका : आधी अंतर, मग कृपा

महानुभाव परंपरेने इशाऱ्याला अग्रस्थान दिले. चक्रधरस्वामींची वचने सूत्रपाठात संकलित झाली आणि त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लीळाचरित्रात नोंदवल्या. साधकाने एका ठिकाणी राहू नये, झाडाखाली वस्ती करावी, ओळखीच्या घरी भिक्षा मागू नये, चित्रातली स्त्रीही पाहू नये, इतका आचार कडक आहे. यामागचा विचार असा की जीव स्वतःच्या बळावर सुटत नाही, मोक्ष फक्त परमेश्वरच देतो. म्हणूनच त्या कृपेच्या आड येईल असे काही साधकाने जवळ ठेवू नये. आचार हे कृपेचे मोल नव्हे. तो तिच्यासाठी मोकळी ठेवलेली जागा आहे.

या भूमिकेचे बळ तिच्या वास्तवाच्या भानात आहे. माणूस मोहासमोर उभा राहिल्यावर हरतो, तेव्हा समोर उभे राहण्याचीच वेळ येऊ देऊ नये, असे ती मानते. तिच्यावरचा आक्षेप असा की हा मार्ग संन्याशाला जमेल, शेत, बाजार आणि लेकरे सांभाळणाऱ्याला कसा जमावा? स्त्री हेच मोहाचे रूप मानल्याने स्त्रीसाधकांवर अन्याय होतो, असाही आक्षेप आहे. त्याच वेळी चक्रधरांनी महदाइसेसारख्या स्त्रियांना संन्यास आणि ज्ञान यांचा समान अधिकार दिला होता, हेही नोंदवले पाहिजे.

दुसरी भूमिका : भक्ती वाहून नेते

वारकरी परंपरेचा कल हमीकडे आहे. संसार सोडायचा नाही, नाम सोडायचे नाही, आणि नामाच्या सोबतीने मोहाची धार बोथट होत जाते. भागवताच्या एकादश स्कंधाच्या विसाव्या अध्यायात या भूमिकेला आधार मिळतो. कामना सोडता येत नाहीत पण त्या दुःखरूप आहेत हे ज्याला उमगले आहे, त्याने त्या भोगतानाही त्यांचा पस्तावा ठेवावा आणि भजन चालू ठेवावे, असे तिथे सांगितले आहे. इथे पडणे हा शेवट नाही. भजन सोडून देणे हा शेवट आहे.

ही भूमिका सोपी समजली जाते, पण तिच्यात झगडा आहे. तुकोबांच्या अभंगांत मनाशी आणि जगाशी रात्रंदिवस चाललेले युद्ध आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांनी १९३३च्या आपल्या ग्रंथात तुकोबांच्या या आर्त काळाचा स्वतंत्र विचार केला. रक्षणाची इतकी खात्री देणारा संतच इतका तळमळतो, यावरून हमी म्हणजे शांतता नव्हे हे ध्यानात येते.

आधुनिक काळात प्रयत्नाची बाजू पुन्हा पुढे आली. लोकमान्य टिळकांनी १९१५च्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांसाठी एक प्रकरणच लिहिले. इंद्रियांची ओढ कितीही असली तरी आत्म्याला प्रयत्नाचे स्वातंत्र्य आहे, असे त्यांनी मांडले. विनोबांनी १९४४ मध्ये शिवनीच्या तुरुंगात स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली. त्यांच्या विवेचनात संयम आणि ईश्वरपरायणता ही एकाच साधनेची दोन अंगे होतात. ६०व्या श्लोकातला इशारा आणि ६१व्यातली शरणागती सलग वाचावी, असे त्यांच्याकडून शिकता येते.

तिसरी भूमिका : तारणारा नाही, वाट आहे

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, दीक्षा दिली. या जिल्ह्यातल्या असंख्य घरांसाठी आपल्या प्रश्नाची मांडणी त्या दिवसापासून बदलली. बुद्धाने स्वतःला मोक्षदाता म्हटले नाही, मार्गदाता म्हटले, यावर बाबासाहेबांचा भर आहे. धम्मपदाच्या १६०व्या गाथेत माणूसच स्वतःचा नाथ ठरतो, आणि ७व्या व ८व्या गाथांत मोहाचे रूप असलेला मार असंयमी माणसाला सहज पाडतो पण संयमी माणसापुढे त्याचे काही चालत नाही. रक्षण इथे कुणी देत नाही, ते आचरणातून येते. बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे ती याच अर्थाने.

तरीही बौद्ध परंपरेत हा ताण उरतोच. विहारांत रक्षणासाठी परित्राणपाठ होतो, मंगलसुत्त आणि रतनसुत्त म्हटले जाते. मिलिंदपञ्हात राजा नेमके यावर बोट ठेवतो : मरणापासून कुठेच सुटका नाही असे बुद्धवचन असेल, तर परित्राणाचे पाठ कशासाठी? नागसेनाचे उत्तर असे की पाठाला बळ आहे, पण कर्माचा अडसर, क्लेशांचा अडसर किंवा अश्रद्धा असेल तिथे तो लागू पडत नाही. या उत्तराने वचन जपले जाते, पण त्याला अटी लागतात. शंका घेणारा म्हणतो, अशा अटी असलेले वचन कधीच खोटे ठरू शकणार नाही. मानणारा म्हणतो, औषधही पथ्याशिवाय गुण देत नाही. हा वाद आजही इथेच आहे.

चौथी भूमिका : गावाने गावाला जपावे

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे या भागाशी नाते जुने आहे. चिमूर परिसरातल्या रामदिघीच्या रानात त्यांनी साधना केली, १९४२च्या चिमूरच्या लढ्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात त्यांना चंद्रपुरात अटक झाली. १९५५च्या ग्रामगीतेत त्यांनी हा प्रश्न एकट्या साधकाच्या मनातून काढून गावाच्या चावडीवर आणला. ग्रंथातल्या एका अध्यायाचे नाव 'संसर्ग-प्रभाव' आहे, दुसऱ्याचे 'ग्राम-रक्षण'. माणूस संगतीने बिघडतो तसा संगतीनेच सावरतो, म्हणून मोहाचा विचार सोबतीचा विचार केल्याशिवाय पुरा होत नाही. देवाचे रक्षण माणसांच्या हातून पोचते, असा या भूमिकेचा गाभा आहे. सामुदायिक प्रार्थना, व्यसनमुक्ती आणि श्रमदान हे त्यामुळे एकाच धर्माचे भाग होतात.

तिच्यावरचा आक्षेपही गंभीर आहे. गावाची नजर जशी आधार होते तशी जाचही होते. समुदाय ज्याला मोह म्हणतो ते कधी एखाद्याचे साधे स्वातंत्र्य असू शकते.

इतर धर्मांत

ख्रिस्ती शास्त्रात इशारा आणि हमी अगदी लागून येतात. पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दहाव्या अध्यायाची १२वी ओळ उभे असलेल्याला पडण्याबद्दल सावध करते, तर १३वी सोसवणार नाही अशी परीक्षा येणार नाही आणि बाहेर पडायची वाटही दिली जाईल असे आश्वासन देते. एकदा देवाने आपले म्हटलेला माणूस कायमचा निसटू शकतो का, यावर १६१८-१९च्या डॉर्टच्या धर्मसभेत मोठा वाद झाला. सभेने निसटू शकत नाही असा निर्णय दिला, पण मतभेद आजही आहेत. कुराणाच्या १५व्या सूरेत इब्लिस माणसांना भुलवण्याची शपथ घेतो आणि अल्लाह सांगतो की माझ्या दासांवर तुझी सत्ता चालणार नाही, जे आपण होऊन तुझ्या मागे येतील तेवढ्यांवरच चालेल.

एकमत कुठे होते

इतक्या वेगळ्या भूमिकांमध्ये एका गोष्टीवर लक्षणीय एकमत आहे. रक्षणाची हमी हातात घेऊन मोहाकडे चालत जाणे हाच सर्वांत मोठा मोह आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी घ्यायला सांगतो आणि त्यासाठी ९१व्या स्तोत्रातले रक्षणाचे वचनच पुढे करतो. येशू नकार देतो. आपल्याकडे पद्मपुराणात नामाचे जे अपराध सांगितले आहेत त्यांत नामाच्या भरवशावर पाप करणे हा एक अपराध आहे. ज्ञानेश्वरांचा, पोचलेल्यानेही इंद्रियांचे लाड करू नयेत, हा इशारा याच जातीचा आहे.

ब्रह्मपुरी वनविभागात मोहफुले वेचायला निघालेली माणसे वाघदेवाला हात जोडतात आणि तरीही एकटी रानात जात नाहीत. त्यांच्या मनात या दोन गोष्टींचे भांडण नसते. ग्रंथांतली हमीही बहुतेक ठिकाणी अशीच आहे. ती वाघ दिसणार नाही असे म्हणत नाही. इशारा वाटेबद्दल बोलतो, हमी शेवटाबद्दल बोलते. दोन्ही एकाच माणसाला, पण त्याच्या वेगवेगळ्या क्षणी सांगितलेल्या आहेत : गर्व आला की इशारा, धीर सुटला की हमी. वरवर दिसणारा बराचसा विरोध एवढ्याने निवळतो.

वैनगंगेचे दोन काठ

हा प्रश्न या परिसरात फक्त पोथीचा राहिलेला नाही. ब्रह्मपुरी आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-आरमोरीच्या मधून वैनगंगा वाहते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ पासून आली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने उठवली. मधली सहा वर्षे सोडली तर नदीच्या एका काठाला बंदी आणि दुसऱ्या काठाला परवाना, अशी स्थिती राहिली आहे.

चंद्रपूरच्या बंदीची मागणी मुख्यतः स्त्रियांनी लावून धरली. २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत त्यांचा पायी मोर्चा गेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम चालतो. बंदीच्या बाजूचे म्हणणे असे की मोह दारात ठेवून माणसाला संयम शिकवणे व्यर्थ आहे. बंदी उठवण्याच्या बाजूचे म्हणणे असे की बंदीने दारू गेली नाही, ती चोरट्या वाटेने आली, गुन्हे वाढले, आणि बाहेरच्या कुंपणापेक्षा माणसाच्या आतला निर्धार घडवायला हवा. एका बाजूला मोहापासून अंतर राखण्याचा जुना विचार आहे, दुसऱ्या बाजूला आत्मबळाचा. दोन्ही बाजूंची माणसे मनापासून बोलतात, आणि हीच या वादाची खरी अडचण आहे.

काय सुटलेले नाही

तीन गोष्टी अजून मोकळ्या आहेत. पहिली, हमीला अट आहे की नाही. अट असेल तर ती हमी राहते का, आणि नसेल तर इशाऱ्याचे काम काय उरते, यावर कोणत्याही परंपरेत शेवटचा शब्द झालेला नाही. भागवतातला तो 'बहुधा' तसाच उभा आहे.

दुसरी, रक्षण कोण करतो. देव, माणूस स्वतः, की भोवतीचा समाज? या परिसरात तिन्ही उत्तरे शेजारी शेजारी नांदतात. एकाच घरात आजोबा हरिपाठ म्हणतात आणि नात व्यसनमुक्तीच्या फेरीत चालते. या उत्तरांचे एकमेकांशी नाते काय, याचा सलग विचार मात्र अजून व्हायचा आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बहुतेक चर्चा मोहात पडणाऱ्याभोवती फिरते : तो पडेल का, सावरेल का, शेवटी तरेल का. भागवतात अजामिळाला एक तरुण, लग्नाची बायको होती. त्याने तिला टाकले एवढेच कथा सांगते, पुढे तिचे काय झाले ते सांगत नाही. अजामिळ मात्र दूतांच्या भेटीनंतर गंगाद्वारी जाऊन साधना करतो आणि तरतो. शेवट गोड होणार हे वचन पडणाऱ्याला धीर देते, पण मधल्या वर्षांचा भार ज्यांनी वाहिला त्यांचे रक्षण कोणत्या वचनात आहे? चिमूरहून पायी निघालेल्या स्त्रिया हाच प्रश्न घेऊन चालल्या होत्या. नवऱ्याचे परलोकात काय होईल याची चिंता त्यांना नव्हती, आज रात्री घरात काय होईल याची होती.

म्हणून या वादाचा पुढचा टप्पा इशारा मोठा की हमी मोठी, हे ठरवण्यात नाही. हमीच्या कक्षेत पडणाऱ्याच्या घरची माणसेही येतात का, हे प्रत्येक परंपरेने आपल्याच ग्रंथांत शोधायला हवे. तुकडोजी महाराजांच्या ग्राम-रक्षणाच्या विचारात त्याची सुरुवात आहे, शिवाय शीलाच्या पालनातून इतरांना अभय मिळते या बौद्ध विचारातही आहे. ज्ञानेश्वरांच्या बाराव्या अध्यायातला तराफाही परिवारवाल्यांसाठीच सज्ज केलेला आहे. कीर्तनकारांनी, भंतेजींनी आणि सेवा मंडळांनी हा धागा उचलला, तर या प्रश्नाचा पुढचा आढावा घेणाऱ्याला अजामिळाच्या बायकोविषयीही काही लिहिता येईल.